गोळी कशासाठी आहे, बाय

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोमवारी रात्री गोळ्यांचं पाकीट हातात धरून तू विचारलंस, "बाबा, ही माझ्यातलं नक्की काय बरं करते? ऑटिझम घालवते का?" मी "नाही गं, तसं नाही" म्हटलं आणि पुढे मला शब्दच सुचेनात. तू वाट बघितलीस, मग गोळी घेतलीस आणि झोपायला गेलीस. तोंडी बोललेलं एकदम अंगावर येतं, लिहिलेलं सवडीने पुन्हा वाचता येतं, हे तूच मला कितीदा सांगितलंयस. म्हणून लिहायला बसलो.

आधी उत्तर. ही गोळी ऑटिझमची नाही. ऑटिझम घालवणारी गोळीच नाही, आणि तो घालवायचा आजारही नाही. तुझा मेंदू जन्मापासून तसा घडलेला आहे. गोळी आहे ती दोन गोष्टींसाठी: हात धुण्याचा जो फेरा तुला सोडत नाही, त्या ओसीडीसाठी, आणि दोन वर्षांपूर्वी तुला गिळून बसलेल्या नैराश्यासाठी. चवथीला गणपतीवर टांगतात त्या रानफळांच्या माटोळीची तुझी वही ती पुसणार नाही. मला वाटतं, खरी भीती तुला तिचीच होती.

हे दोन वेगळे धागे आहेत हे कळायला मला फार उशीर झाला. ते तुला नीट सांगायला हवं, कारण त्या उशिराची किंमत तू मोजलीस.

2011 साली तू आठ वर्षांची होतीस तेव्हा ऑटिझम हा शब्द पहिल्यांदा आपल्या घरात आला. आई रडली, पण आठवड्याभरात आम्हा दोघांना थोडं हलकंही वाटू लागलं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की तू कान दाबून न्हाणीत का लपतेस, उंड्याचा, त्या गोल पावाचा, वरचा भाग वेगळा आणि आतला वेगळा का खातेस, आजीने गालाला हात लावला की का ओरडतेस, सगळ्याला एकदम कारण मिळालं. मग त्या नावाचं आम्ही कपाट केलं. तुझं जे जे समजेना ते त्या कपाटात टाकलं आणि दार लावून घेतलं.

2020 आठव. साबणाने वीस सेकंद हात धुवा, असं रोज टीव्हीवर सांगायचे. तू घड्याळ लावून धुवायचीस आणि आम्ही कौतुक करायचो. कोरोना ओसरला, बाकीच्यांनी सोडून दिलं, तुझं सुरूच राहिलं. वीसाचे चाळीस झाले, मग एकदा सेकंद मोजताना चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ऐन पावसात तुझी बोटं सांध्यांवर फुटली होती, ओलं फडकं लागलं तरी चुरचुरायची, आई रात्री खोबरेल लावायची आणि तू उठून ते धुऊन टाकायचीस. मी काय म्हणालो होतो? "तिचं तसंच आहे, नियम एकदा धरला की सोडत नाही." कपाटात टाकलं. एका डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनीही फाईलवरचा पहिला शब्द वाचला आणि "ऑटिझममध्ये असं असतंच" म्हणून परत पाठवलं. मला बरं वाटलं, कारण माझंच म्हणणं मला परत मिळालं होतं.

फरक डोळ्यांसमोर होता, बाय. माटोळीला तू कांगलां, आंबाडे, तोरंजन, निरफणस ओळीने लावतेस, सुपारीचं शिपटं कुठे आणि चिबूड कुठे यावरून काकाशी वाद घालतेस, एक नारळ इकडचा तिकडे झाला तर सगळं सोडवून पुन्हा बांधतेस. पण ते संपलं की खाली उभी राहून वर बघतेस आणि गुणगुणतेस. हात धुऊन झाल्यावर तू कधी गुणगुणली नाहीस. नळाशी रडत म्हणायचीस, "मला थांबायचंय, थांबता येत नाही." बाहेरून दोन्ही एकच दिसायचं, तेच तेच पुन्हा करणं. एकातून तू भरून यायचीस, दुसऱ्यातून रिकामी होऊन. हे बघायला डॉक्टर लागत नाही, बाप पुरतो. मी बघितलं नाही.

मग 2023 ची चवथ. काकाने कुळागरातून आणि डोंगरावरून सगळं आणून ओसरीवर पसरलं आणि तू खोलीतून आलीच नाहीस. गर्दी नको असेल, फटाक्यांची भीती असेल, असं आम्ही पाहुण्यांना सांगितलं. माटोळी काकाने बांधली, कशीतरी. कवंडळं पार पुढे लटकत होती. तुला कळलं तेव्हा तू "असू दे" म्हणालीस. ज्या मुलीने सहाव्या वर्षापासून कवंडळाची जागा कोणाला बदलू दिली नाही ती "असू दे" म्हणाली, आणि त्याचा अर्थ घरात कोणाला लागला नाही.

चवथीनंतर एका रात्री तू मला म्हणालीस, "मला सकाळ व्हायला नको आहे." त्या रात्री मी पडवीत जाऊन 14416 लावला. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा. 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. तुला फोन नको वाटतो हे मला माहीत आहे, पण नंबर पाठ करून ठेव, लावायला मी आहे. पलीकडच्या बाईने मला आधी विचारलं की तू आत्ता कुठे आहेस, तुझ्याजवळ कोण आहे. मग म्हणाली, उद्याची वाट बघू नका, सकाळी पहिल्यांदा बांबोळीच्या मानसोपचाराच्या इस्पितळात जा. उजाडेपर्यंत आई तुझ्याजवळ बसून होती.

बांबोळीबद्दलही एक सांगायचं राहिलं आहे. पहिले काही महिने मी शेजाऱ्यांना "जीएमसीत जातो", म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, असं सांगत होतो. मनोविकारांची संस्थाही तिथेच, जीएमसीच्याच आवारात असल्यासारखी, म्हणून लपवणं सोपं होतं. एकदा कदंब बसमध्ये गावच्या एका बाईने विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं, तर तू शांतपणे म्हणालीस, "जीएमसीत नाही, पलीकडच्या मानसोपचाराच्या इस्पितळात. मला ओसीडी आणि नैराश्य आहे." बस फोंड्यापर्यंत जाईस्तोवर मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेव्हा लाज वाटली ती लोकांची नव्हती, तुझ्यासमोर खोटं बोललो याची होती. त्यानंतर मी कोणाशी खोटं बोललो नाही.

तिथल्या डॉक्टरबाईंनी "उदास वाटतं का?" विचारलं तेव्हा तू "नाही" म्हणालीस. उदास म्हणजे रडणं, आणि तू तेव्हा रडत नव्हतीस. तुझ्या लेखी ते उत्तर खरंच होतं. आधीचे लोक इथेच थांबले असते. त्यांनी मात्र मला बाजूला बसवून विचारलं, "हिला सगळ्यात जास्त काय आवडतं?" मी वही सांगितली: 112 नावं, कुठे मिळतं, कधी पिकतं, कोणी दिलं. मग त्यांनी तुला विचारलं, "वहीत शेवटचं कधी लिहिलंस?" तू तारीख सांगितलीस. अकरा महिन्यांपूर्वीची. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. आपल्या जीवाच्या गोष्टीतून मन उठणं हे ऑटिझम नव्हे, असं त्या मला म्हणाल्या.

त्यांच्याकडूनच कळलं की असं एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. तुला आकडे आवडतात म्हणून लिहितो. 2019 साली लॅन्सेट सायकियाट्रीत जगभरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला. त्यात ऑटिझम असलेल्या शंभर माणसांत साधारण वीस जणांना चिंतेचा विकार, अकरा जणांना नैराश्य आणि नऊ जणांना ओसीडी आढळला. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलतेचा विकार, तर अठ्ठावीस जणांत. आणि 2013 पर्यंत डॉक्टरांच्या प्रमाण पुस्तकात ऑटिझमसोबत एडीएचडी लिहायलाच मुभा नव्हती. पुस्तकाचंही कपाटच होतं म्हणायचं. मी स्वतःला सोडवत नाही आहे, पण तुझ्यासारखी अनेक मुलं त्यात अडकली हे तुला ठाऊक असावं.

गोळी हळूहळू का वाढवली हेही विचारलं होतंस. ओसीडीवर या गोळ्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. आणि तुझं शरीर बारीकसारीक बदलही फार जाणतं, म्हणून डॉक्टरबाईंनी अगदी थोड्यापासून सुरुवात केली. पण अर्धं काम गोळीचं, अर्धं तुझं आहे. ते तू कसं केलंस ते मी जवळून बघितलं. "भीती दहापैकी किती?" या प्रश्नाला तू गप्प बसायचीस. मग तूच आपल्या विहिरीचं चित्र काढलंस, आठ पायऱ्यांचं, आणि पाणी कितव्या पायरीला आलंय ते सांगू लागलीस. दाराची कडी धरायची आणि हात न धुता थांबायचं. "थोडा वेळ" म्हटलेलं तुला चालेना, म्हणून नेमकी दोन मिनिटं, मग चार, मग दहा. पहिल्या दिवशी पाणी सातव्या पायरीवर होतं. तू भिंतीला पाठ लावून उभी होतीस, हात अंगापासून लांब धरून, आणि मोठ्याने पायऱ्या मोजत होतीस. पुढे एका दिवशी दहाव्या मिनिटाला म्हणालीस, "बाबा, पाणी उतरतंय."

अजून वाईट दिवस येतात. रविवार अवघड जातात, मला दिसतं. म्हणून एक काम सांगतो, घाई नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अठरा वर्षांवरच्या कोणालाही आधीच लिहून ठेवता येतं की आजार वाढला तर आपल्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावं. तू हे लिही. तुझ्याइतकं नेमकं कोण लिहील? पांढरा ट्यूबलाइट नको, न विचारता हात लावायचा नाही, प्रश्न एका वेळी एकच. आणि तुझ्या वतीने बोलायला माझंच नाव घालायला हवं असं नाही. आईचं घाल, नाहीतर मावशीचं. मी एकदा नीट बघितलं नव्हतं, हे ध्यानात ठेवून ठरव.

चवथीला वीस दिवस उरले. काका काल डोंगरावर जाऊन आला, म्हणतो कांगलां यंदा लवकर लागलीत. तुझी वही मी देवखोलीतल्या फडताळात ठेवली आहे, दमट लागू नये म्हणून खाली कागद घातलाय. फटाके आपल्या खळ्यात लावणार नाहीत, शेजारीही दुपारी लावणार नाहीत असं म्हणालेत. मी कवंडळं आणून ठेवतो. शिडीवर चढायचं की खालून सांगायचं की खोलीतच थांबायचं, ते त्या दिवशी सकाळी पाणी कितव्या पायरीला आहे ते बघून ठरवू. काकाला सांगून ठेवलंय, मागची रांग मोकळी ठेव.

तुझा,
बाबा