ऑर्डरी थांबवल्यात, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी तेच सांगते. दिवाळीनंतर नवीन अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑर्डरी घेणार नाही, असं मी गिऱ्हाइकांना फोन करून कळवलंय. तुम्हाला न विचारता केलं, याचं वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर 'बघू' म्हणून तुम्ही पुन्हा तारेचं रीळ हातात घेतलं असतंत.

दुकान बंद करत नाहीये. तुमचं टेबल, भिंग, रेडिओ, चार वाजताचा चहा सगळं तसंच राहील.

ईएल ३४ व्हॉल्व्हच्या सेटमध्ये बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट बसून असतात, हे मला आठवीत तुम्हीच शिकवलंत. 'एक हात खिशात ठेव' म्हणायचात. परवा तुमचे दोन्ही हात आत होते, असं आईने सांगितलं आणि माझे पायच गळाले.

ट्रान्सफॉर्मरला तारेचे वेढे किती ते वहीत आहे. गणपतीत आले तेव्हा मी पानन्‌पान फोटोत घेतलं. पण प्रायमरी-सेकंडरीचे, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारेचे, थर आलटून पालटून बसवताना तार किती ताणायची, ते वहीत कुठंय? ते तुमच्या बोटांत आहे. टोकियोचे अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे केन शिंदो २०१४ मध्ये गेले, त्यांचं काम मुलाने पुढे चालवलं. मला नाही जमलं, बाबा. परीक्षा, नोकरी, मग पुणं. म्हणून ऑर्डरींचा वेळ आता शिकवण्याला द्या. आयटीआय झालेला एक मुलगा सोमवारपासून येईल, पगार मी देईन. तार गुंडाळायचे पहिले चार-पाच बॉबिन तो वाया घालवेल. ओरडू नका. माझ्यावर कुठे ओरडला होतात? तुमच्या मांडीवर बसून मी वेढे मोजायचे आणि नव्वदच्या आसपास झोपून जायचे.

मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय सेटमध्ये हात घालायचा नाही, आणि तो मुलगा नसेल तर सेट उघडायचाच नाही. आई, तू लक्ष ठेव. तुझ्या गुडघ्याचं तेलही संपलं असेल, आणते.

शनिवारी सकाळी पोचते. स्वयंपाकाचं काही काढू नकोस, भाकरी मी थापीन. बाबा, सुती टेप संपली म्हणत होतात, ती घेतलीय. एक बॉबिन माझ्यासाठी ठेवा.

तुमची,
चिमी