गोदीची जमीन गिरण्यांच्या वाटेने जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांत क्रूझ टर्मिनल, मरिना आणि समुद्रकाठचे फिरण्याचे रस्ते यांचे वर्णन असते. मुंबई बंदराची ही जमीन अखेर कोणाच्या ताब्यात राहणार, याची चर्चा मात्र क्वचितच होते. सीमाभागातील वाचकांना हा विषय परका नाही. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याला जाई आणि तेथून समुद्रमार्गे मुंबई गाठी. पुढे बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यातील कितीतरी घरांचा कर्ता माणूस गिरणीत किंवा गोदीत कामाला असे. आमचे घर त्यांपैकीच एक आहे.

ससून डॉक १८७५ सालचा, प्रिन्सेस डॉक १८८०चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८चा आणि आज इंदिरा डॉक म्हणून ओळखला जाणारा अलेक्झांड्रा डॉक १९१४चा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळा व कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. परंतु ज्या गोदीत हे घडले ती, शेजारच्या प्रिन्सेस डॉकसह, कंटेनर ठेवण्यास जागा हवी म्हणून भराव घालून बुजवण्यात आली. हे वाचल्यावर मला फार वाईट वाटले. उरलेल्या गोद्यांच्या बाबतीत तरी असे घडू नये.

१९८९ मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले, कंटेनरची वाहतूक तिकडे वळली आणि मुंबई बंदराच्या अखत्यारीतील शेकडो हेक्टर जमिनीचे काय करावे हा प्रश्न पुढे आला. २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०१८ मध्ये बंदरालाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा, म्हणजे या जमिनीचा आराखडा स्वतः करण्याचा अधिकार, मिळाला. निवृत्त कामगारांच्या पेन्शनचा मोठा भार बंदरावर असल्यामुळे जमिनीतून उत्पन्न मिळवण्याची त्याला गरज आहे, हे मान्य करावेच लागेल. मात्र त्यासाठी जमीन कायमची विकण्याचे कारण नाही. ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही उत्पन्न मिळते आणि मालकी सार्वजनिक राहते.

सार्वजनिक जमीन हातची जाईल ही भीती निराधार नाही. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ मध्ये नियम झाला, तेव्हा एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ मध्ये दुरुस्ती होऊन ही वाटणी केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, म्हणजे इमारती पाडून मिळणारी जमीन हिशेबातूनच वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. गिरणगावात मोकळे मैदान आणि कामगारांची घरे किती कमी मिळाली आणि टॉवर किती उभे राहिले, हे तेथे नातेवाईक असलेल्या आमच्यासारख्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नियम चांगला होता. तो नंतर बदलता आला, हा त्यातला खरा दोष होता.

म्हणून पूर्व किनाऱ्याचा आराखडा अमलात येताना मोकळ्या जागांचे प्रमाण आणि पाण्याच्या कडेने सर्वांना खुला असणारा सलग रस्ता या दोन गोष्टी कायद्याने बांधून घ्याव्यात, जेणेकरून साध्या अधिसूचनेने त्या बदलता येणार नाहीत. ससून डॉकवरची मासळी उतरवण्याची जागा आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवस व मोऱ्याला सुटणाऱ्या लाँचचा धक्का, पर्यटकांच्या सोयीसाठी मागे न सारता, आहे तेथेच सुधारावा. शिवडीच्या चिखलाट किनाऱ्यावर रोहित पक्षी उतरतात. तो पट्टाही बांधकामापासून मुक्त राहावा. दारूखाना, रे रोड या भागांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या कुटुंबांचे पुनर्वसन त्याच पट्ट्यात होईल, याची लेखी हमी जमिनीचा पहिला भाडेपट्टा देण्यापूर्वीच मिळाली पाहिजे.

आपला,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव