तत्त्वज्ञान फक्त ऐपतवाल्यांच्या मुलांसाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक महाविद्यालयात पैशांची ओढाताण सुरू झाली की पहिली कुऱ्हाड इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा आणि समाजशास्त्र या विभागांवर पडते. कारणेही ठरलेली असतात : विद्यार्थी कमी, नोकऱ्या नाहीत, मग करदात्याने हा भार का सोसायचा? प्रश्न रास्त आहे. ‘संस्कृतीचे जतन’ वगैरे मोघम उत्तर देऊन तो टोलवता येणार नाही.

अमेरिकेत १८६२ साली, ऐन यादवी युद्धात, मॉरिल कायदा झाला. शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये कष्टकरी वर्गासाठी उभी राहावीत म्हणून सरकारी जमिनी देणारा हा कायदा. म्हणजे मुख्य हेतू व्यावहारिक. तरीही इतर शास्त्रे आणि अभिजात विद्या वगळायच्या नाहीत, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. शेतकऱ्याच्या मुलाने नांगराबरोबर इतिहासही शिकावा, हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांना विसंगत वाटले नाही. याच कायद्याच्या आधारे १८६७ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठाने २०२३ मध्ये आर्थिक तुटीपायी २८ पदवी अभ्यासक्रम बंद करायचे ठरवले आणि त्यात परकीय भाषांच्या पदव्याही गेल्या. याउलट एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) ही अमेरिकेतलीच तंत्रशिक्षणातली अव्वल खासगी संस्था. तिथे अभियंता होणाऱ्या प्रत्येकाला मानव्यविद्या, कला आणि सामाजिक शास्त्रांचे किमान आठ विषय घ्यावेच लागतात.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत, ज्यांचे आईवडील जेवताना राजकारणावर वाद घालतात, त्या मुलांना तत्त्वज्ञानाचा विभाग बंद झाल्याने फारसे काही गमवावे लागत नाही. घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढत असेल, तर कायदा कोणी केला, कोणासाठी केला, आकडेवारीत कोण मोजले गेले आणि कोण सुटले, हे प्रश्न विचारायची सवय त्याला बहुधा याच वर्गांत लागते. सार्वजनिक महाविद्यालयातून हे विषय काढायचे आणि महागड्या संस्थांत ते मानाने चालू ठेवायचे, याचा अर्थ हुकूम देणारे एकीकडे तयार होणार आणि पाळणारे दुसरीकडे. तेही सार्वजनिक पैशातून!

उद्योगांना हे विषय नको आहेत, असेही सांगितले जाते. जपानच्या शिक्षणमंत्र्यांनी जून २०१५ मध्ये ८६ राष्ट्रीय विद्यापीठांना पत्र पाठवून सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांचे विभाग बंद करावेत किंवा समाजाची गरज अधिक असलेल्या क्षेत्रांकडे वळवावेत, असे सुचवले होते. तेव्हा ‘केइदानरेन’ या तिथल्या बड्या उद्योगांच्या संघटनेनेच सप्टेंबरमध्ये निवेदन काढले : आम्हाला केवळ लगेच कामाला जुंपता येतील अशी माणसे नको आहेत, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना समाज कळायला हवा आणि कला शाखेच्यांना विज्ञान.

समाज न कळल्याची किंमत काय असते, ते पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीने दाखवले. विषाणू कसा पसरतो हे डॉक्टरांना ठाऊक होते. मृतदेहाला आंघोळ घालणे, स्पर्श करणे हा संसर्गाचा मोठा मार्ग होता, म्हणून पथके संरक्षक पोशाखात येऊन मृतदेह उचलून नेऊ लागली. आपल्या माणसाला निरोपही न देता पुरले जाते, हे पाहून लोक आजारी माणसे आणि मृतदेह लपवू लागले. शास्त्र बिनचूक होते आणि साथ मात्र हाताबाहेर जात होती. मानववंशशास्त्रज्ञांनी गावोगावी जाऊन अंत्यविधीतले काय सोडता येते आणि काय मुळीच सोडता येत नाही, हे समजून घेतले. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाचे नियम जाहीर केले. त्यांत कुटुंबीयांना व धर्मगुरूंना स्थान होते. अशा वेळी उपयोगी पडणारे ज्ञान साथ आल्यावर तातडीने मागवता येत नाही. कोणीतरी ते आधी वर्षानुवर्षे, ‘निरुपयोगी’ म्हणवून घेत, शिकलेले असावे लागते.

अर्थात कला शाखेने स्वतःकडेही पाहावे. वर्गात टिपणे उतरवून द्यायची, परीक्षेत ‘कारणे व परिणाम’ विचारायचे आणि मग आम्ही विचार करायला शिकवतो म्हणायचे, हे ढोंग आहे. पण त्याचा इलाज चांगले शिकवणे हा आहे. निम्मी पदे रिकामी ठेवायची, उरलेले काम तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर ढकलायचे आणि मग निकाल घसरला म्हणून विभागालाच टाळे लावायचे, याला इलाज म्हणत नाहीत.

विभाग ठेवायचा की नाही, हे केवळ पदवीला नाव नोंदवणाऱ्यांच्या संख्येवर ठरवू नये. विज्ञान, वाणिज्य आणि संगणक शाखांतले किती विद्यार्थी त्या विभागाचे विषय शिकतात, तेही मोजावे. तशी सोय नसेल तर आधी ती करावी, काही वर्षे चालू द्यावी आणि मगच खर्चाचा हिशेब मांडावा.

आपला,
एक वाचक