जेलच्या भिंतीला लागून राहणारी पोरं

प्रिय राजी,

तुझा लांबच्या लांब व्हॉइस मेसेज काल ऐरोलीहून घरी येताना बसमध्ये ऐकला, शेजारच्या काकूंनी पण ऐकला असणार कारण तू मध्येच केवढ्याने ओरडतेस. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देत बसले तर अंगठे मोडतील म्हणून सरळ मेल लिहितेय, चहा घेऊन बस.

तर तुझं म्हणणं असं की तुझ्या वर्गातली नववीची पोरं ऐतिहासिक म्हटलं की पळ काढतात, त्यामुळे मी कादंबरीत एखादं जादूचं लॉकेट नाहीतर जुनी विहीर घालावी, आजची मुलगी त्यातून धाडकन पेशवाईत जाऊन पडावी आणि शेवटी सगळ्या शतकांतली पोरं एकमेकांना भेटावीत. नाही गं राजी, तेवढं सोडून बोल. लॉकेट आलं की काय होतं माहितीये, आपली पोरगी तिकडे जाऊन सगळ्यांना शहाणपण शिकवते, मुलींनी शिकलं पाहिजे वगैरे भाषणं ठोकते, आणि तिकडची पोरं नुसती आ वासून बघत बसतात. म्हणजे त्यांच्याच काळात त्यांनाच साईड रोल. मला ते नकोच आहे. माझी पोरं एकमेकांना कधीच भेटणार नाहीत, त्यांना एकमेकांची नावं पण माहीत नसणार. त्यांच्यात कॉमन आहे ती फक्त एक भिंत.

भिंत म्हणजे आपल्या ठाण्याच्या जेलची. शाळेत असताना आपण शंभर वेळा तिथून गेलोय आणि आपल्या डोक्यात काय तर ते जेल आहे, लवकर चला. पण तो मुळात किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, अजून धड पुरा पण झाला नव्हता तोवर १७३७ ला मराठ्यांनी घेतला, मग १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला, आणि मग त्याचं जेल झालं. मालक बदलत गेले पण भिंतीच्या बाहेर घरं होती, घरात पोरं होती, खाडीवर मासे होते. मला तिथूनच लिहायचंय.

पहिला भाग १८१६ चा. त्रिंबकजी डेंगळे आठवतो का? दुसऱ्या बाजीरावाचा एकदम खास माणूस. १८१५ ला पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, त्याचा आळ याच्यावर आला आणि इंग्रजांनी पेशव्याच्या मागे लागून याला ताब्यात घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेवला. पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे सोल्जर, म्हणजे कोणी फितूर व्हायला नको. आणि तिथेच गंमत झाली. किल्ल्यातल्या एका साहेबाकडे एक मराठा मोतद्दार नोकरीला होता, तो रोज साहेबाचा घोडा फिरवायला काढायचा आणि त्रिंबकजीच्या खिडकीखालून येता-जाता गाणं म्हणायचा. काय तर म्हणे झाडाखाली घोडे उभे आहेत, पंचावन्न घोडे आणि स्वार चोपन्नच, पंचावन्नावा कधी चढणार. गोऱ्यांना वाटलं बरा गातोय बिचारा! १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी पळाला. पुढे कलकत्त्याच्या बिशप हेबरने ते गाणं आपल्या प्रवासवर्णनात इंग्रजीत टिपून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत तरी झालं.

आता सांग, याच्यात जादू घालायची गरज आहे का? फक्त मी त्या मोतद्दाराच्या हाताखाली येसू नावाचा एक पंधरा-सोळाचा पोरगा घातलाय, तो पूर्ण माझ्या मनचा. त्याचं काम खरारा करायचा, तोबरा बांधायचा, लीद काढायची. त्याला त्रिंबकजीशी काही घेणंदेणं नाही. त्याला साहेबाची घोडी आवडते आणि महिन्याचा पगार घरी न्यायचा असतो, आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं की आपला उस्ताद रोज तेच गाणं म्हणतोय पण आकडा बदलतोय. बास, इथून त्याचं बालपण संपलं. सांगितलं तर बक्षीस मिळेल आणि उस्ताद लटकेल, नाही सांगितलं आणि पकडले गेले तर स्वतः लटकेल. (आकडा बदलण्याचं माझ्या पदरचं आहे हं, हेबरवर ढकलू नको.)

आणि सगळ्यात जास्त घाम मला येसूच्या बोलण्याने काढलाय. जुनी भाषा म्हणून सगळ्यांना ‘आम्हांस’ ‘तुम्हांस’ करायला लावलं तर ते पत्रातल्या कारकुनासारखे वाटतात, लीद काढणारा पोरगा असं कशाला बोलेल. म्हणून बोलणं साधंच ठेवलंय, पण डोक्यातल्या गोष्टी मात्र त्याच्या काळातल्याच पाहिजेत. उदाहरणार्थ येसूच्या भागात ‘पाच मिनिटं थांब’ असं कोणी म्हणत नाही. त्याच्याकडे प्रहर आहे, घटका आहे, आपल्या चोवीस मिनिटांची एक घटका, आणि त्याहून बारीक त्याला लागतच नाही. स्वतःचं वय पण त्याला नीट सांगता येत नाही, आई म्हणते तू दुष्काळाच्या मागच्या वर्षीचा. म्हणजे सोळावं लागलं वगैरे हा हिशोबच त्याच्या आयुष्यात नाहीये. मिसरूड फुटलं, कामाला लागला, विषय संपला. आपल्या पोरांना हे वाचताना थोडं अडखळायला झालं पाहिजे असं मला वाटतं. ‘अय्या, ती पण सेम आपल्यासारखीच होती’ हे मला अजिबात नकोय, ती सेम नव्हती, आणि तरी आपण त्यांच्यासाठी जीव मुठीत धरून बसतो, मजा त्यात आहे.

१७३७ चा भाग काढून टाकला. हो, मला माहितीये तुला चिमाजी अप्पा पाहिजेतच, पण लढाई आली की ती सगळ्यांना गिळते, पोरगं लगेच शिपाई होतं नाहीतर हेर होतं, आणि मग तलवारीच चालतात पानभर.

मधला भाग चेंदणी कोळीवाड्यातला, १८५३. पहिली आगगाडी आपल्याला पाठच आहे, १६ एप्रिल, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, तीन इंजिनं, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. पण ते सगळं बोरीबंदरच्या बाजूने सांगतात ना. ठाण्याच्या बाजूने बघ, गाडी येणार म्हणून माणसांची ही झुंबड आणि माझी जनी, तेरा वर्षांची, डोक्यावर पाटी, तिला फक्त एवढंच कळतंय की आज बाजारात गिऱ्हाईक नाही आणि बोंबील ऊन खातायत. खरी भानगड तिच्यासाठी नंतरची आहे. खाडीवर पूल झाला आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला गाडी कल्याणपर्यंत गेली. जनीचा बाप होडीने माणसं पलीकडे सोडायचा. पुढचं मी सांगत नाही, वाचच.

आणि कल्याणवरून आठवलं, तू म्हणालीस ना की तेरा-चौदाची पोरगी एवढा विचार करेल का. अगं आनंदीबाई जोशी घे, १८६५ ला कल्याणातच जन्मली, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी आई, ते मूल दहा दिवसांत गेलं, आणि अठरा पूर्ण होऊन आठवडाभर झाला असेल नसेल तर बाई नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून जहाजात बसून अमेरिकेला निघाली डॉक्टर व्हायला. आमची भाची ईशा पंधराची आहे आणि तिला ठाणे स्टेशनवरून एकटीला दादरला सोडायचं म्हटलं तर ताई चार वेळा लोकेशन मागते. कोणाला नावं ठेवत नाहीये, मी पण मागितलंच असतं.

शेवटचा जुना भाग १९१० चा, आणि हा लिहिताना मी खरंच थकते. अनंत कान्हेरे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि १९ एप्रिल १९१० ला आपल्या याच ठाण्याच्या जेलात फाशी, बरोबर त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे. वय अठरा. तुझ्या बारावीच्या वर्गातला पोरगा डोळ्यासमोर आण. त्या रात्री थिएटरात नाटक कुठलं होतं माहितीये? संगीत शारदा! म्हाताऱ्याशी लग्न लावून द्यायला निघालेल्या कोवळ्या पोरीची गोष्ट. मी हे मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून वाचत होते आणि तशीच बसून राहिले. स्टेजवर एका पोरीचं आयुष्य मोठी माणसं ठरवतायत, आणि खाली खुर्च्यांमध्ये एक पोरगा खिशात पिस्तूल घेऊन आलाय ज्याने स्वतःचं स्वतः ठरवून टाकलंय.

पण कान्हेरेला मी हिरो केलेलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत असतं, मग पोरं पानं उलटत जातात. माझा माणूस भिंतीच्या बाहेर आहे, दत्तू, बारा-तेराचा, बाप जेलात कारकून. घरात त्याच्या बहिणीचं लग्न ठरतंय, ती अकराची. १८९१ ला कायद्याने संमतीचं वय दहावरून बारा केलं तर केवढा गदारोळ झाला होता, आणि लग्नाचं वय मुलींना चौदा करणारा शारदा कायदा यायला अजून एकोणीस वर्षं आहेत, तर घरात कोणाला त्यात काही वावगं वाटत नाहीये, दत्तूला पण नाही. हे मी मुद्दाम तसंच ठेवलंय. त्याला एकदम सुधारक केला तर तो माझा भाचा होईल, १९१० मधला दत्तू राहणार नाही. त्याला फक्त एवढंच खुपतं की बाप ऑफिसातून येतो आणि जेवत नाही, आणि शाळेतली मोठी पोरं याला बघून गप्प होतात.

आणि आजचा भाग. ईशावरूनच उचललाय थोडा, तिला सांगू नकोस. क्लासला जाताना मुलगी रोज जेलवरून जाते, बाहेर मुलाखतीसाठी थांबलेली माणसं दिसतात, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कडेवर पोरं. त्या रांगेत तिला एक दिवस स्वतःच्या वर्गातला मुलगा दिसतो. दोघं एकमेकांना बघतात. मग संध्याकाळी त्यांचं चॅट सुरू होतं, आईच्या डोळ्यांदेखत, सोफ्यावर बसून, असल्या काही भाषेत की आईने स्क्रीन बघितला तरी तिला ओ की ठो कळणार नाही. पहारेकऱ्याच्या नाकावर टिच्चून निरोप! तुला कळलंच असेल मी येसूच्या उस्तादाला इथे कसा जोडलाय, पण पुस्तकात हे कुणी बोलून दाखवत नाही, मुलांचं त्यांना सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर नाही. लॉकेट दिलं की काय, आयतंच हातात.

तर आता काम ऐक. येसूचा दुसरा आणि तिसरा चॅप्टर जोडलाय. वर्गात वाचून दाखव, पण ‘माझ्या मैत्रिणीने लिहिलंय’ हे सांगू नकोस, नाहीतर सगळी छान छान म्हणतील. कुठे जांभया येतात ते पेन्सिलने खूण करून कळव. मागच्या बाकावरच्या पोरांचं मत मला जास्त हवंय. आणि तोबरा, मोतद्दार हे शब्द अडतात का ते बघ, मी अर्थ दिलेला नाहीये आणि देणार पण नाही, वाक्यावरून समजलं पाहिजे. नाही समजलं तर वाक्य बदलेन.

दिवाळीत येतेयस ना नक्की? की नागपूरचं थंडीचं कारण सांगून परत टांग मारणार? आलीस तर मामलेदारची मिसळ खाऊ आणि तिथूनच जेलच्या भिंतीला पूर्ण चक्कर मारू, मला एक कोपरा मोजायचाय, एकटी बाई भिंत मोजताना दिसली तर पोलीस विचारतील. तू बरोबर असलीस तर तू बोलशील.

तुझीच,
वैशू

ता. क. त्या व्हॉइस मेसेजमध्ये मागे कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, डाळीचं काय झालं?