"हा सुळका बोर्डाचा कशावरून?" असं विचारणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही दाखवलंत ते स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरसमोर (कोणत्या वारंवारतेवर किती ताकद आहे ते दाखवणाऱ्या यंत्रासमोर) बसणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

आमचा बोर्ड द्राक्षबागेतल्या मातीचा ओलावा ८६६ मेगाहर्ट्झवर कळवतो, २० डीबीएम, म्हणजे ०.१ वॅट, ताकदीने. मोजताना १७३२ मेगाहर्ट्झला, म्हणजे बरोबर दुप्पट वारंवारतेवर, चांगलाच उंच सुळका, म्हणजे नको असलेला सिग्नल, दिसत होता. तो अडवणारा फिल्टर बदलून बोर्ड नव्याने बनवून घ्यायची बोलणी सुरू झाली होती. तुम्ही पडद्याकडे पाहिलंत आणि एवढंच विचारलंत, "हा सुळका बोर्डाचा कशावरून?"

मग अ‍ॅम्प्लिट्यूडच्या मेनूत जाऊन अटेन्युएशन, म्हणजे आत येणारा सिग्नल दाबण्याचं प्रमाण, १० वरून २० डीबी करायला लावलंत. ८६६ चा सुळका जागचा हलला नाही. सुरुवातीला जेवढं दाबलं जातं तेवढंच यंत्र पुढे वाढवून दाखवतं. १७३२ चा मात्र झपकन खाली आला. तो सगळा बाहेरून येत असता तर तोही जागीच राहिला असता. म्हणजे त्यातला मोठा हिस्सा अ‍ॅनालायझरच्या मिक्सरमध्येच, म्हणजे आलेल्या सिग्नलची वारंवारता बदलणाऱ्या भागात, ८६६ च्या जोरामुळे तयार होत होता. २० चे ३० केले, तेव्हा तो हलला नाही. "आता उरला तो तुमचा. हा आकडा लिहून घ्या," म्हणालात. तो नको असलेल्या सिग्नलसाठीच्या मर्यादेच्या पुष्कळ आत होता. फिल्टर तसाच राहिला.

अटेन्युएशन वाढवलं की नॉइज फ्लोअर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या खरखरीची पडद्यावरची पातळी, तेवढाच वर चढतो आणि बारीक सिग्नल त्यात बुडायला लागतो, हेही त्याच बैठकीत दाखवलंत. त्यावरचा उपायही दिलात. बोर्ड टेस्ट मोडमध्ये सतत एकच लहर सोडत होता, म्हणून आरबीडब्ल्यू, म्हणजे यंत्र एका वेळी मोजतं त्या वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी, १०० किलोहर्ट्झवरून १० वर आणता आली. फ्लोअर १० डीबी उतरला. तुमच्या जुन्या यंत्रावर त्यासाठी स्वीप (पडदाभर एक फेरी मारायचा वेळ) शंभरपट लांबतो, म्हणून स्पॅन (पडद्यावर दिसणारा वारंवारतेचा पल्ला) आवळून सुळक्यापुरताच ठेवलात. व्हीबीडब्ल्यू, म्हणजे मोजून झाल्यावर रेष गुळगुळीत करणारा फिल्टर, कमी केल्याने रेष नुसती गुळगुळीत होते, फ्लोअरची सरासरी तिथेच राहते, हा फरक मला इतक्या स्वच्छपणे कुणी दाखवला नव्हता.

नॉइज मोजायचा तर साधा मार्कर (पडद्यावरच्या एका बिंदूचा आकडा वाचणारी खूण) लावू नको, हेही तुमचंच. डीबीमध्ये सरासरी काढली की नॉइज सुमारे २.५ डीबी कमी दिसतो. नॉइज मार्कर ती दुरुस्ती करून दर हर्ट्झमागचा आकडा देतो. इनपुटला सिग्नलऐवजी ५० ओहमचा टर्मिनेटर (नुसता रोध) लावून, उणे १७४ डीबीएम प्रति हर्ट्झ या खोलीच्या तापमानाला असणाऱ्या नॉइजच्या तळापासून आपलं यंत्र किती वर आहे ते तुम्ही मला स्वतः काढायला लावलंत. बटणं सगळी माझ्याच हातांनी दाबून घेतलीत, याचं मला फार मोल वाटतं.

आणि केबल जोडण्याआधी इनपुटशेजारची कमाल ताकद आणि डीसीची मर्यादा वाचून घ्यायला लावलंत, मध्ये तुमचा २० डीबीचा पॅड, म्हणजे सिग्नल तेवढा कमी करणारा जोड, बसवलात. तो अजून माझ्याकडेच आहे, आणून देतो.

पुढचा बोर्ड रिसीव्हरचा आहे. तिथे सिग्नल इतका क्षीण असेल की यंत्रातला प्रीअ‍ॅम्प (सिग्नल आधीच वाढवणारा भाग) चालू करून, अटेन्युएशन शून्यावर ठेवून मोजावं लागेल. त्या दिवशी थोडा वेळ काढाल का, सर?

आपला,
एक विद्यार्थी