नळ आला, आता त्याला उन्हापासून वाचवा

प्रति,
मा. मंत्री, पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ग्रामीण विदर्भातील घरगुती नळजोडणीचा उघडा पाइप झाकण्याबाबत

मा. मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

थंड मुलखात जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली पाइप पुरतात आणि वर येणारा तुकडा गुंडाळून ठेवतात. विदर्भात पाइपातले पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, मेळघाटात एखाद्या पहाटे गवतावरचे दवही गोठते, पण त्याने नळ फुटत नाहीत. आपला नळ उन्हाने मरतो. त्याच नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान होते. मधला फरक ४४ अंशांचा, आणि तोही सावलीतल्या हवेचा. उन्हात पडलेला पाइप त्याहून कितीतरी जास्त तापतो.

गल्लीतली मुख्य वाहिनी बहुधा पुरलेली असते. बिघाड होतो तो सॅडलपासून (मुख्य वाहिनीवर बसवलेली, घरचा पाइप जिथून निघतो ती पकड) तोटीपर्यंतच्या शेवटच्या १५-२० फुटांत. हा तुकडा नालीवरून, कुंपणाच्या कडेने, भिंतीला टेकून तसाच उघडा जातो. यूपीव्हीसी म्हणजे कडक पीव्हीसी पाइपाची दाब सोसायची ताकद २७ अंशांना धरलेली असते. ४५ अंशांच्या आसपास ती निम्म्यावर येऊ लागते. वर्ष-दोन वर्षांच्या उन्हात पाइप पांढुरका पडतो, ठिसूळ होतो, आणि सायकल टेकली किंवा बकरीने धक्का दिला तरी तडकतो.

दुसरे, प्लास्टिक तापले की वाढते आणि गार झाले की आखडते. ४० अंशांच्या फरकाला १० मीटर यूपीव्हीसी सुमारे १ इंच वाढतो. निळा, लवचीक एमडीपीई प्लास्टिकचा पाइप तर अडीच-तीन इंच. म्हणून भर दुपारी ताणून टाकलेला पाइप रात्री आखडला की सॅडलमधून ओढला जातो. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि पाइपाला दोन्हीकडून पिळते. सॅडलजवळ पाइपाला सैल वळण ठेवले, चरात तो किंचित नागमोडी टाकला आणि माती सकाळी, पाइप गार असताना लोटली, तर हा ताण बसत नाही. या कामाला जास्तीचा पैसा लागत नाही. वेळ पाळावी लागते, एवढेच.

जोडाचेही तसेच. मे महिन्याच्या दुपारी पाइप चिकटवायचे सोल्यूशन लावले की पाइप सॉकेटमध्ये पूर्ण बसण्याआधीच ते सुकते. वरून जोड पक्का दिसतो, आत अर्धाच चिकटलेला असतो. जोड सकाळी किंवा सावलीत करावा, पाइप पाव फेरा फिरवून तळापर्यंत दाबावा, अर्धा मिनिट धरून ठेवावा आणि २४ तास पाणी सोडू नये. ठेकेदाराला त्याच दिवशी नळ चालू करून फोटो काढायचा असतो, आणि जोड तिथेच बिघडतो.

फुटलेल्या जोडातून पाणी वाया जाते, पण खरी भीती त्यानंतरची आहे. आपल्या गावांत पाणी तास-दीड तास येते. पुरवठा बंद झाला की रिकाम्या होणाऱ्या पाइपात पोकळी तयार होते आणि नालीतले पाणी त्याच भेगेतून आत ओढले जाते. तापलेल्या पाण्यात क्लोरीनही लवकर उडते, तोटीशी ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर राहायला हवे ते राहत नाही. मग अख्ख्या गल्लीला जुलाब आणि कावीळ.

आमची मागणी सरळ आहे. अंदाजपत्रकात अंगणातला तुकडा वेगळी बाब म्हणून लिहावा. गल्लीत ३ फूट, अंगणात किमान दीड फूट खोल चर. पाइपाखाली ४ इंच आणि वर ६ इंच वाळू किंवा चाळलेला मुरूम, दगड अजिबात नको. नालीखालून पाइप न्यायचा तर मोठ्या पाइपाच्या तुकड्यातून ओवून, मध्ये एकही जोड न ठेवता. जमिनीच्या वर प्लास्टिक नकोच: अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, अडीच फूट उंच, १ फूट बाय १ फूट काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेला. लोखंडही तापते, पण तडकत नाही. त्याला ओले बारदान गुंडाळले तर तोटीतले पहिले पाणी हात भाजत नाही. घरावरच्या काळ्या टाकीवर तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव घातला तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : चर उघडा असताना, टेप आत धरून काढलेला फोटो आणि कनिष्ठ अभियंत्याची मोजमाप पुस्तिकेतली नोंद, या दोन्हींशिवाय त्या जोडणीचे बिल काढू नये. बुजवलेल्या चराची खोली कोणालाही मोजता येत नाही.

जल जीवन मिशनमध्ये लोकवर्गणी श्रमदानातूनही देता येते. अंगणातला चर घरचे लोक एका सकाळी खणून देतील. गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला फक्त जीआयचा तुकडा, मुरूम आणि लेखी आदेश हवा. तो आदेश जानेवारीत निघाला तर फेब्रुवारीअखेर जुन्या जोडण्याही झाकून होतील. मार्च लागला की दुपारी जोड करणे निरुपयोगी, आणि पाणीही त्याच दिवसांत सर्वांत जास्त लागते.

आपले,
ग्रामीण विदर्भात नळजोडणीची कामे करणारे आणि तपासणारे आम्ही