विद्यार्थ्यांचे बरे-वाईट विचारायचे, तर नीट विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची पाहणी सांगली-मिरजेतील महाविद्यालयांतही होऊ लागली, याचा आम्हाला आनंद आहे. काळजी वाटते ती पद्धतीची. गूगल फॉर्मची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची, संध्याकाळपर्यंत सर्वांनी भरा म्हणायचे आणि आलेले आकडे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या फायलीला जोडायचे, असे ठिकठिकाणी चालते. फॉर्ममध्ये ई-मेल नोंदला जाऊ शकतो, हे मुलांना ठाऊक असते. ज्यांच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्यांनीच पाठवलेल्या लिंकवर 'मला काहीच करावेसे वाटत नाही' असे कोण लिहील? शिवाय फॉर्म भरतात ती ग्रुपवर सतत असणारी मुले. जत, आटपाडीहून पहाटेची एसटी धरून येणारी, अधूनमधून गैरहजर राहणारी मुले त्यात येतच नाहीत, आणि पाहणीची गरज त्यांनाच सर्वांत जास्त.

म्हणून पाहणी कागदावर, निनावी आणि निवडक मुलांची करावी. १५०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात नीट निवडलेले ३०० पुरतात. टक्केवारीत साधारण पाच अंश इकडे-तिकडे एवढीच चूक राहते. हजेरीपटावरून दर पाचवा क्रमांक घ्यावा. १ ते ५ पैकी चिठ्ठी काढावी. ३ निघाला तर ३, ८, १३ असे पुढे जावे. निवडलेला मुलगा आला नाही म्हणून शेजारच्या बाकावरच्याला बसवू नये. प्रॅक्टिकलच्या दिवशी, नंतरच्या आठवड्यात, निदान तीनदा त्याला गाठावे. निवडलेल्यांची यादी वेगळी ठेवून तीवर फक्त 'आला' अशी खूण करावी. उत्तरपत्रिकेवर नाव नको, क्रमांक नको, आणि हस्ताक्षर ओळखू येईल असा लिहायचा प्रश्नही नको. वर्गात आपला प्राध्यापक नसावा. दुसऱ्या महाविद्यालयाचे समाजकार्याचे विद्यार्थी हे काम उत्तम करतात. कुलूपबंद पेटी, पंधरा मिनिटे, पंचवीस प्रश्न. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती आधी घ्यावी, आणि मुलाचा स्वतःचा होकारही.

मनःस्थितीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची 'डब्ल्यूएचओ-५' ही मापनी पुरेशी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, सकाळी ताजेतवाने उठलात का, दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेला होता का, एवढेच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणले की शंभरपैकी आकडा मिळतो. ५० किंवा त्याखाली आला तर स्वास्थ्य खालावले आहे असे समजून पुढची चौकशी करावी. त्यात आजाराचे नाव कुठेच नसल्याने मुले बिचकत नाहीत. निष्कर्षात सरासरी देऊन थांबू नये. सरासरी साठ असली तरी वसतिगृहातली निम्मी मुले पन्नासखाली असू शकतात.

एका गोष्टीचा मात्र आग्रह धरतो. नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' ही मापनी निनावी पाहणीत वापरू नका. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. कुणी त्यावर 'जवळजवळ रोज' अशी खूण केली आणि कागदावर नाव नसेल, तर एक मूल संकटात आहे हे कळूनही त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. ती मापनी समुपदेशकाने समोरासमोर वापरावी आणि उत्तरे त्याच दिवशी पाहावीत. निनावी कागदाच्या तळाशी फाडून नेता येईल अशी पट्टी ठेवावी: समुपदेशकाची खोली, वेळ, आणि 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तास चालणारा विनामूल्य क्रमांक १४४१६.

उरलेले प्रश्न कॅम्पसचे असावेत, आणि ते मोजता येतील असे. 'सुविधांबाबत समाधानी आहात का?' याला सगळे 'होय' म्हणतात. त्याऐवजी विचारा: गेल्या सात दिवसांत किती दिवस न्याहारीशिवाय आलात? घर ते कॉलेज एका बाजूला किती वेळ लागतो? शेवटच्या तासाला थांबल्यामुळे एसटी किती वेळा चुकली? दोन तासांच्या मधल्या वेळेत बसता कुठे? अडचण सांगावी असे कॉलेजात कुणी आहे का? मुलींना हेही विचारा, की स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून किती दिवस पाणी कमी प्यायलात. कडी नसलेले दार, कोरडा नळ आणि सॅनिटरी पॅड टाकायला डबा नसणे यांमुळे मुली दिवसभर तहान मारतात. मग डोके दुखते, लघवीला जळजळ होते, दुपारचे तास बुडतात. समुपदेशनाच्या आधी तिथे सुतार आणि प्लंबर लागतो.

वेळही जपून निवडावी. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांचे असल्याने परीक्षा, स्नेहसंमेलन किंवा कृष्णेचे पाणी चढलेले दिवस त्यात आले, तर आकडा त्या प्रसंगाचाच निघतो. गणपती उठल्यापासून नवरात्र बसेपर्यंतचा पितृपंधरवडा आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो. सण नाहीत आणि वर्ग भरलेले असतात. पाहणी त्याच्या अखेरीस घ्यावी आणि दरवर्षी तेव्हाच, म्हणजे तुलना करता येते.

अर्थात आधी समुपदेशक हवा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितले आहे. एखाद्या प्राध्यापकाला जादा कार्यभार देऊन ही जागा भरत नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाशीही आधीच बोलून ठेवावे, म्हणजे मुलाला नेमके कुठे पाठवायचे ते ठरलेले असेल.

निष्कर्ष महिन्याच्या आत सूचनाफलकावर लागावेत, सोबत कोणते काम कधी होणार त्या तारखा. दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचा आकडा मात्र छापू नये. द्वितीय वर्षात एका गावची एकच मुलगी असेल तर ती लगेच ओळखू येते.

शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाने कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांसाठी अशी एकच प्रश्नावली गणपतीपूर्वी महाविद्यालयांकडे पाठवावी, ही आमची विनंती आहे.

आपले,
पाहणी व समुपदेशनाचे काम करणारे काही प्राध्यापक
विश्रामबाग, सांगली